इन्सुलिनची चिठ्ठी कपाटात पडून आहे

प्रश्न : माझे वय ५२ असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही गेल्या तपासणीत एचबीए१सी १०.२ आले आणि डॉक्टरांनी रात्री १० युनिट ग्लार्जिन इन्सुलिन सुरू करायला सांगितले. दोन महिने झाले, चिठ्ठी कपाटात तशीच पडून आहे. माझ्या वडिलांना इन्सुलिन सुरू झाले आणि चार महिन्यांत त्यांचा पाय कापावा लागला. घरात पती, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी आहे, पण कोणालाच सांगितलेले नाही. आपणच कुठेतरी कमी पडलो असे सारखे वाटते, रात्री रडू येते. एकदा सुरू केले की हे कधी सुटणार नाही ना? मनाला कसे समजावू?

उत्तर : तुमच्या संपूर्ण पत्रात सुई दुखेल का, हा प्रश्न एकदाही आलेला नाही, याची मी मुद्दाम नोंद घेतली. इन्सुलिन टाळणारी बहुतेक माणसे तोंडाने सुईचे नाव घेतात, कारण सुईची भीती सांगायला सोपी असते आणि ती ऐकून कोणी नावे ठेवत नाही. थोडा वेळ मोकळेपणाने बोलू दिले की मागे दडलेल्या गोष्टी बाहेर येतात : घरातल्या कोणाची तरी आठवण, आजार आपणच बिघडवला ही टोचणी, नातेवाइकांच्या नजरा, आणि आता यातून सुटका नाही ही भावना. तुम्ही सुईचा आडोसा न घेता हे सगळे सरळ लिहिले आहे, त्यामुळे मलाही सरळ उत्तर देता येईल. मी बरीच वर्षे मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करते आहे आणि माझा अनुभव असा की सुईची भीती पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. अपराधीपणाला आणि साखर एकदम कमी होण्याच्या भीतीला मात्र बराच वेळ द्यावा लागतो.

त्याआधी एक वैद्यकीय बाब सांगणे आवश्यक आहे. एचबीए१सी १०.२ याचा अर्थ गेल्या दोन-तीन महिन्यांतील तुमची सरासरी साखर २४५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. इतकी साखर सतत राहिली की रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, झोप तुटते, दिवसा अंगात त्राण राहत नाही, वर्गात एरवी सहज सहन होणारा गोंगाट नकोसा होतो आणि लहानसहान कारणांवरून डोळे भरून येतात. तुमचे रडणे केवळ साखरेमुळे आहे असे मला म्हणायचे नाही, परंतु त्यात साखरेचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणूनच 'आधी मनाची तयारी होऊ दे, मग इन्सुलिन घेईन' या विचाराशी मी सहमत नाही. ज्या थकलेल्या शरीराकडून आपण तयारीची अपेक्षा करतो, त्याला साखर उतरल्याशिवाय उमेद येत नाही, आणि उमेद नाही म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. मन पूर्ण राजी नसतानाही सुरुवात करता येते. राजी होण्याचे काम पुढे चालू राहते. वजन झपाट्याने उतरत असेल, तहान भागत नसेल, उलट्या, पोटदुखी किंवा ताप असेल, तर मात्र विचार करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता 'मी कुठे कमी पडले' याविषयी. टाइप २ मधुमेहात दोन बिघाड बरोबरीने चालतात : शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि ते तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील बीटा पेशी हळूहळू निकामी होत जातात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात असे दिसले की निदान होते त्या वेळीच या पेशींची क्षमता निम्म्याच्या आसपास उतरलेली असते आणि उपचार चालू असतानाही ती वर्षागणिक घटत राहते. त्याच अभ्यासात केवळ एका औषधावर साखर ताब्यात राहणारे रुग्ण तीन वर्षांनी निम्मे उरले होते आणि नऊ वर्षांनी जेमतेम एक चतुर्थांश. तुम्हाला बारा वर्षे झाली आहेत. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, पण विहिरीने तळ गाठल्यावर मोटर कितीही वेळ चालवली तरी पाणी येत नाही, आणि त्यात मोटर चालवणाऱ्याचा दोष नसतो. खाण्यापिण्याचा आणि चालण्याचा याच्याशी काहीच संबंध नाही असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही आणि एका शिक्षिकेला ते पटणारही नाही. संबंध आहे, परंतु तो वेगापुरता आहे. पथ्य उत्तम सांभाळणाऱ्या माणसालाही पंधरा-वीस वर्षांनी इन्सुलिन लागू शकते आणि निष्काळजी माणसाचे कधी कधी गोळ्यांवर निभावते, हे आम्ही दवाखान्यात रोज पाहतो.

या अपराधीपणाला आमच्या व्यवसायानेही हातभार लावला आहे. 'गोड बंद करा, नाहीतर इन्सुलिन लावावे लागेल' हे वाक्य तुम्ही या बारा वर्षांत कोणाच्या तरी तोंडून नक्की ऐकले असेल. रुग्णाने ऐकावे म्हणून इतकी वर्षे ज्या औषधाचा धाक दाखवला, तेच औषध लिहून देण्याची वेळ आली की रुग्णाला ते शिक्षेसारखे वाटणार, यात आश्चर्य नाही. मला ही पद्धत अत्यंत चुकीची वाटते. ज्या दिवशी मधुमेहाचे निदान होते, त्याच दिवशी 'पुढे कधीतरी इन्सुलिनची गरज पडू शकते आणि तो उपचाराचा नेहमीचा टप्पा आहे' एवढे सांगितले, तर अनेकांची अनेक वर्षे वाचतील.

वडिलांविषयी लिहिताना मी जरा थांबून लिहिते, कारण ती केवळ गैरसमजाची गोष्ट नाही, त्यात तुमचे दुःख आहे. तुम्ही जे पाहिले ते तसेच घडले असणार : इन्सुलिन आले आणि पाय गेला. पण पाय कापावा लागण्याइतका बिघाड चार महिन्यांत तयार होत नाही. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो, चप्पल लागून झालेली जखम कळत नाही, ती चिघळते आणि संसर्ग आत जातो. संसर्गामुळे साखर आणखी चढते, ती गोळ्यांना दाद देत नाही, शस्त्रक्रिया करायची तर साखर त्वरित खाली आणणे भाग असते, आणि अशा वेळी डॉक्टर इन्सुलिन सुरू करतात. घरच्यांना यातले आधीचे काही दिसलेले नसते. त्यांना दिसते ते इन्सुलिन आणि त्यानंतरची शस्त्रक्रिया. डायलिसिसवर गेलेल्या रुग्णांच्या घरीही हाच निष्कर्ष निघतो. आपल्याकडे इन्सुलिन अनेकदा फार उशिरा सुरू होते, आणि ज्या गुंतागुंती टाळण्यासाठी ते लवकर द्यायला हवे होते, त्यांचेच खापर त्याच्या माथी फुटते.

त्या चार महिन्यांत वडिलांना इंजेक्शन देण्याचे काम तुमच्याकडे होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तसे असेल, तर इन्सुलिनचे पेन, म्हणजे डोस टोचून घेण्याचे पेनासारखे साधन, हातात घेतल्यावर तुम्हाला तुमची साखर आठवणार नाही, वडिलांची खोली आठवेल. आईवडिलांना इंजेक्शने दिलेली मुले स्वतःसाठी तोच डबा उघडताना थबकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांना मी एवढेच सांगते की रडू आले तर येऊ द्यावे आणि डोस घ्यावा. दोन्ही गोष्टी एकाच रात्री होऊ शकतात. वडिलांच्या आजारपणातून खरोखर उपयोगी पडेल असे काही घ्यायचे असेल, तर पायांची तपासणी घ्यावी. दवाखान्यात नायलॉनच्या बारीक तंतूने तळपायाची संवेदना पाहतात, त्याला काही मिनिटे लागतात. ती वर्षातून एकदा करून घ्यावी, रोज रात्री स्वतःचे तळवे पाहावेत आणि अनवाणी फिरू नये. वडिलांच्या पायाची भीती तुमच्या मनात आहेच, ती या कामी लागू द्यावी.

इन्सुलिनने डोळे जातात असेही तुम्ही ऐकले असेल. ही समजूत कशातून आली, त्याचा अंदाज करता येतो. बरेच दिवस चढलेली साखर उतरू लागते तेव्हा डोळ्यातील भिंगाचा पाण्याचा अंश बदलतो आणि काही आठवडे अंधुक दिसते. फळ्यावरचे अक्षर किंवा वहीतली ओळ पुसट दिसू लागली की माणूस घाबरून इन्सुलिन बंद करतो. हा बदल तात्पुरता असतो, त्यामुळे पहिला दीड महिना तरी चष्म्याचा नवा नंबर काढू नये. मात्र आधीपासून पडद्यावर दोष असेल आणि साखर फार वेगाने खाली आली, तर तो दोष काही काळ वाढू शकतो. म्हणून इन्सुलिन सुरू होताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा. त्यासाठी इन्सुलिन लांबवू नये, दोन्ही एकाच आठवड्यात करावे.

पहिले इंजेक्शन घरी एकटीने, दार लावून घेऊ नका. दवाखान्यात, परिचारिका किंवा मधुमेह प्रशिक्षक समोर असताना, स्वतःच्या हाताने घ्या. दुसऱ्या कोणी टोचून दिले तर भीती तशीच घरी परत येते. पेनची सुई हल्ली ४ मिलिमीटरची मिळते, जवळपास तांदळाच्या दाण्याहूनही आखूड. सुई बसवायची, आधी २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का पाहायचे, मग १० वर फिरवायचे, बेंबीपासून दोन-तीन बोटे लांब पोटावर सरळ टोचायचे, बटण शेवटपर्यंत दाबायचे आणि मनात दहा अंक मोजून सुई बाहेर काढायची. बहुतेक माणसे या क्षणी माझ्याकडे पाहून 'झाले?' असे विचारतात, आणि साखर तपासायला बोटाला टोचतात ते यापेक्षा जास्त दुखते असे म्हणतात, जे खरेच आहे. रोज जागा थोडी बदलावी, नाहीतर त्याच ठिकाणी चरबीची गाठ तयार होते, तिथे टोचलेले दुखत नाही म्हणून हात पुन्हा पुन्हा तिथेच जातो आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही. डॉक्टरांनी पेनऐवजी बाटली लिहून दिली असेल, तर आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते आणि त्यांना लाल टोपणाचीच सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते, आणि ग्लार्जिनची बाटली बहुधा याच प्रकारची असते. औषधाच्या दुकानात हे तपासून घेण्यात संकोच करू नये.

यापुढचा टप्पा मनाची परीक्षा पाहणारा असतो, आणि त्याविषयी रुग्णांना फार कमी सांगितले जाते. १० युनिट ही मुद्दाम लहान ठेवलेली सुरुवात आहे. या डोसवर पहिल्या आठवड्यात साखर फारशी हलणार नाही, आणि 'एवढे मनाविरुद्ध केले तरी उपयोग नाही' असे तुम्हाला वाटेल. मग डॉक्टर उपाशीपोटीची साखर पाहून दर तीन-चार दिवसांनी किंवा आठवड्याने दोन-दोन युनिट वाढवायला सांगतील, आणि तो आकडा १६, २०, २४ असा चढताना पाहून आजार वाढतो आहे असे वाटेल. तसे नसते. तुमच्या शरीराला किती लागते याचा शोध त्या पायऱ्यांनी घेतला जातो, आणि २४ युनिट घेणाऱ्याचा मधुमेह १२ युनिट घेणाऱ्याच्या दुप्पट असतो असा काही हिशेब नाही. शिक्षकांना आकड्यांकडे गुण म्हणून पाहण्याची सवय असते, म्हणून हे विशेष सांगते : ग्लुकोमीटरवर २१० आले तर तो निकाल समजू नये. वहीत आकडा लिहावा आणि शेजारी चार शब्द लिहावेत, जसे 'पालकसभा, जेवायला उशीर' किंवा 'रात्री लग्नाचे जेवण'. डॉक्टरांना डोस ठरवायला ते चार शब्द आकड्याइतकेच उपयोगी पडतात.

साखर एकदम कमी होण्याची भीती मात्र खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक खवळते. ५४ च्या खाली विचार आणि बोलणे गडबडू लागते. रात्री एकदाच घेण्याच्या ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनच्या लहान डोसवर असे गंभीर प्रसंग कमी घडतात, परंतु सोबत ग्लिमेपिराइड चालू असेल तर तिचा डोस तसाच ठेवायचा की कमी करायचा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. साखर कमी झालीच तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा घ्यावी आणि मग पोळी किंवा बिस्किटे खावीत. पेढा किंवा चॉकलेट या कामाचे नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तुमच्या तीन गोळ्यांपैकी एक व्होग्लिबोज असेल, आणि आपल्याकडे ती बरीच वापरली जाते, तर घरातली साखरही लवकर काम करणार नाही, कारण ही गोळी साखरेचे आतड्यात होणारे विघटन मंदावते. अशा वेळी ग्लुकोजच लागते. एक पाकीट पर्समध्ये, एक उशाशी आणि एक शाळेतल्या टेबलाच्या खणात ठेवावे.

पण प्रत्येक थरथर म्हणजे साखर कमी, असे मात्र धरू नका. ज्या शरीराला कित्येक महिने २५०-३०० ची सवय लागली आहे, त्याला सुरुवातीला १३० लाही घाम फुटतो आणि घाबरल्यासारखे होते. मीटरवर १३० दिसत असेल तर काही खाऊ नये, थोडे बसावे. दोन-तीन आठवड्यांत शरीर नव्या पातळीला सरावते. तुमच्या वयात आणखी एक गोंधळ होतो. पाळी जाण्याच्या सुमारास रात्री अचानक अंग तापते, घामाने गाऊन भिजतो, छाती धडधडते. इन्सुलिन नुकतेच सुरू केलेली स्त्री हे साखर कमी झाल्याचे लक्षण समजते, उठून साखर खाते, सकाळी आकडा २४० येतो आणि ती पुन्हा स्वतःला दोष देते. मीटर उशाशी ठेवावा आणि आधी तपासावे, मग खावे. तपासता येणार नसेल तेव्हाच शंकेचा फायदा देऊन ग्लुकोज घ्यावे. एकदा खरोखर साखर कमी झाल्यावर पुढे भीतीपोटी झोपताना मुद्दाम दोन घास जास्त खाणारे किंवा डोस गुपचूप कमी करणारे अनेक रुग्ण असतात, आणि वजन वाढण्याचे एक कारण हेही असते. इन्सुलिनने दोन-चार किलो वजन वाढू शकते, कारण आधी लघवीवाटे वाया जाणारी साखर आता अंगी लागते. डोस कमी करावासा वाटला तर तो करा आणि लपवा, असे नको. फोन करून सांगा. भीती वाटली म्हणून दोन युनिट कमी घेतले, असे रुग्णाने सांगितले तर कोणताही समजूतदार डॉक्टर रागावणार नाही.

घरी सांगण्याविषयी माझे मत ठाम आहे : सांगावे, आणि पहिल्या डोसच्या आधी सांगावे. इन्सुलिन लपवून घेता येत नाही. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, म्हणजे ते दाराच्या कप्प्यात दह्याच्या वाटीशेजारी सगळ्यांना दिसणार. फ्रीजरमध्ये ते कधीही ठेवू नये. वापरात असलेले पेन ३० अंशांखाली बाहेर चार आठवडे टिकते, विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात मात्र त्याला पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या भांड्याचा आधार लागतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात, म्हणजे कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागणार नाहीत. याहून महत्त्वाचे कारण असे की रात्री साखर कमी झाली तर शेजारी झोपलेल्या माणसाला काय करायचे ते माहीत हवे, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, थेट रुग्णालयात न्यायचे, हेही त्याला आधी सांगून ठेवायला हवे.

सांगितल्यावर काय होईल, याचीही कल्पना असू द्या. पती कदाचित काळजीपोटी ताटावर पहारा ठेवू लागतील. 'भात किती घेतलास' या प्रश्नामागे प्रेम असते, पण तो दिवसातून तीनदा आला की माणूस चोरून खाऊ लागतो. त्यांना एखादे नेमके काम द्यावे : संध्याकाळी सोबत चालायला या, महिन्याच्या सुया आणि पट्ट्या आणा, ताटातले मात्र माझ्यावर सोडा. सासूबाई म्हणतील की अमक्याच्या मेहुण्याचे इन्सुलिन एका काढ्याने सुटले. वाद घालण्याची गरज नाही. 'डॉक्टरांना विचारते' म्हणून विषय संपवावा, मात्र कोणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन परस्पर बंद करू नये. ते प्राण्यांपासून काढतात का, हा प्रश्न शाकाहारी घरांत हमखास येतो. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलेले इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडाचे होते, परंतु १९८२ पासून जनुकीय तंत्राने सूक्ष्म जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून ते तयार करून घेतले जाऊ लागले, आणि तुम्हाला लिहून दिलेले ग्लार्जिन त्याच पद्धतीचे आहे. मुलीला सांगताना तिच्या मनात 'आजोबांसारखे आईचेही होणार का' हा प्रश्न येईल, मग ती तो विचारो वा न विचारो. वर मी पायाविषयी जे लिहिले आहे, ते तिला तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगा. तिला सांगता सांगता ते तुम्हालाही पटत जाईल.

उपवासांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण तो येतोच. रात्रीचे ग्लार्जिन प्रत्येक जेवणाशी बांधलेले नसल्यामुळे एकादशी किंवा चतुर्थी पूर्ण सोडण्याची सक्ती बहुतेकांवर येत नाही. निर्जळी उपवास मात्र आधी विचारल्याशिवाय करू नये. माझी खरी तक्रार साबुदाण्याच्या खिचडीविषयी आहे. त्या दिवशी साखर कमी होईल या भीतीने लोक इन्सुलिन टाळतात आणि साबुदाणा, बटाटा, रताळे असे पिष्टमय पदार्थ दिवसभर खातात, मग दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहून निराश होतात. भगर थोडी, दाणे, दही, ताक आणि काकडीची कोशिंबीर असा उपवास करता येतो.

खर्चाचेही बोलून टाकायला हवे, कारण स्वतःच्या औषधावर पैसे घालवताना बायका अवघडतात आणि तेही एक न बोललेले दुःख असते. ३०० युनिटचे पेन १० युनिटच्या डोसला, हवेत सोडायचे दोन युनिट धरून, साधारण पंचवीस दिवस पुरते. डोस वाढला की तेवढे कमी. ते परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. बाटलीतले 'मानवी इन्सुलिन', म्हणजे माणसाच्या शरीरातल्यासारखेच पण कारखान्यात तयार केलेले जुन्या प्रकारचे इन्सुलिन, बरेच स्वस्त असते आणि ते सरकारी रुग्णालयांतूनही दिले जाते. महागडे पेन घेऊन दोन दिवसांआड डोस घेण्यापेक्षा स्वस्त इन्सुलिन रोज घेतलेले केव्हाही बरे.

रडण्याविषयी मला आणखी एक सांगायचे आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या तुलनेत साधारण दुपटीने आढळते, आणि आजाराच्या रोजच्या ओझ्याने येणारा वैताग ही त्याहून वेगळी आणि त्याहूनही अधिक दिसणारी गोष्ट आहे. वैताग साखर, सुई, पथ्य यांच्याभोवती फिरतो. वर्गात शिकवताना किंवा मुलीशी बोलताना तो मागे पडतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज मन उदास असेल, ज्यात एरवी रस वाटायचा त्यातही वाटत नसेल, पहाटे फार लवकर जाग येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हे इन्सुलिनच्या भीतीपलीकडचे आहे आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडून वेगळा उपचार घ्यायला हवा. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, तिथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात येत असेल तर उद्याची वाट न पाहता आजच फोन करावा आणि घरातल्या एका माणसाला सांगावे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हे कधी सुटेल का. काहींचे सुटते. संसर्ग, शस्त्रक्रिया, स्टेरॉइड किंवा गरोदरपण यांमुळे सुरू केलेले इन्सुलिन ते कारण संपल्यावर अनेकदा थांबवता येते. फार चढलेली साखर स्वतःच बीटा पेशींना दडपून टाकते, आणि ती काही आठवडे ताब्यात आल्यावर या पेशींपैकी काही पुन्हा काम करू लागतात. नव्याने निदान झालेल्यांमध्ये हे ठळकपणे दिसते. तुमची बारा वर्षे आणि तीन गोळ्या पाहता मी तुम्हाला ते सुटण्याचे वचन देणार नाही, कारण सहा महिन्यांनी ते खोटे ठरले तर तुम्ही पुन्हा स्वतःलाच दोषी धराल. तुमचे वजन, मूत्रपिंडाची तपासणी आणि सध्याच्या गोळ्या पाहून नवीन गटांतली काही औषधे जोडता येतील का, त्यामुळे इन्सुलिनचा डोस कमी ठेवता येईल का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. 'कायमचे' हा शब्द तूर्त बाजूला ठेवून त्यांच्याशी तीन महिन्यांचा करार करावा, असे मी सुचवेन : तीन महिने डोस न चुकवता घ्यायचा, उपाशीपोटीची साखर वहीत लिहायची, एचबीए१सी पुन्हा करायचे आणि तो कागद समोर ठेवून पुढचे ठरवायचे. तेव्हा झोप कशी आहे, शाळेतून आल्यावर अंगात किती बळ उरते आणि रात्री किती वेळा उठावे लागते, हेही त्या वहीत लिहिलेले असू द्या, कारण इन्सुलिन तुमच्यासाठी काय करते आहे ते तुम्हाला आधी तिथे दिसेल. चिठ्ठी दोन महिन्यांपूर्वीची आहे, त्यामुळे दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना फोन करून डोस तोच ठेवायचा का, आणि पहिले इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात कोणत्या दिवशी यायचे, एवढे विचारून घ्या.